नवे घ्यावे की जुनेच दुरुस्त करावे?

रायपूरच्या तात्यापाऱ्यात माझे मामा राहतात. लग्ने, मुंजी, बारशी यांची छायाचित्रे काढणे हा त्यांचा व्यवसाय. गेल्या लग्नसराईत त्यांच्या दहा वर्षांच्या डिजिटल कॅमेऱ्याने ऐन अंतरपाटाच्या वेळी दगा दिला. प्रत्येक चित्राच्या वरच्या भागात काळा पट्टा उमटू लागला. सोबतच्या मित्राचा कॅमेरा हाताशी होता म्हणून लाज राहिली.

त्या रात्री जेवताना मामा म्हणाले, "आता नवाच घेतो." मामींनी ताटात भात वाढता वाढता एवढेच म्हटले, "अहो, जूनमध्ये धाकटीची फी भरायची आहे, तेवढे लक्षात असू द्या." मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले.

हा पेच एकट्या मामांचा नाही. शिवणयंत्र असो, पंखा असो की कॅमेरा असो, खूप राबलेल्या वस्तूचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा उभा राहतोच. यास्तव आम्ही त्याचा उलगडा कसा केला, ते सांगतो.

पहिली गोष्ट, दोष खरोखर यंत्राचा आहे काय? कॅमेऱ्याच्या शटरमध्ये दोन पडदे असतात. ते एकामागून एक सरकतात आणि त्यांमधून प्रकाश आत येतो. फ्लॅश वापरताना वेग सेकंदाच्या सुमारे २०० व्या किंवा २५० व्या भागाहून अधिक ठेवला, तर धडधाकट कॅमेऱ्यातही काळा पट्टा येतो. तो दोष यंत्राचा नव्हे, हाताचा होय. आम्ही फ्लॅश काढून, विद्युत्घट पूर्ण भरून व दुसरे भिंग लावून पाहिले. पट्टा कायम राहिला. पडदाच थकला होता.

दुसरी गोष्ट, यंत्राचे वय. कॅमेऱ्याचे वय वर्षांनी नव्हे, तर काढलेल्या चित्रांच्या संख्येने मोजावे. २०१५ साली आलेल्या निकॉन डी ७२०० या कॅमेऱ्याचे शटर १,५०,००० वेळा उघडझाप करील, अशा बेताने कसोटीस लावलेले होते. डी ८५० चे २,००,००० वेळा. हे आकडे म्हणजे मृत्युलेख नव्हेत. काही यंत्रे आधी थकतात, काही पुष्कळ पुढे जातात. मामांच्या कॅमेऱ्याने १,३०,००० चित्रे काढली होती. म्हणजे त्याने आपले काम चोख बजावले होते.

तिसरी गोष्ट, हिशेब. कारागिराने नव्या शटरचे १२,००० रुपये सांगितले. नवा कॅमेरा ७२,००० रुपयांना पडत होता. नव्या शटरने आणखी एक लाख चित्रे निघतील असे धरले, तर चित्रामागे १२ पैसे पडतात. परंतु बाकीचे भाग जुनेच राहणार. म्हणून सावधपणे ५०,००० च धरली, तरी २४ पैसे. नव्या कॅमेऱ्याची दीड लाख चित्रे धरली, तर ४८ पैसे. दुरुस्ती निम्म्या खर्चात होत होती.

हिशेब येथेच संपत नाही. निकॉनने कॅमेऱ्यास भिंग जोडण्याची आपली पद्धत १९५९ पासून चालवली. पण २०१८ साली आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी नवी आणली. नवा कॅमेरा त्या जातीचा घेतला, तर जुन्या भिंगांसाठी जोडणीचे साधन वेगळे घ्यावे लागते. दुसऱ्या बाजूस, जुन्या कॅमेऱ्यांचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होत जाणार. भाग मिळत आहेत तोवरच दुरुस्ती शहाणपणाची. मदर-बोर्ड बिघडले असते, किंवा पाण्याने आत गंज चढला असता, तर मी नवाच घ्या म्हटले असते.

अखेर मामांनी दुरुस्ती केली. तिला तीन आठवडे लागले आणि दोन लग्नांची कामे हातची गेली, हेही नमूद केले पाहिजे. लग्न पुन्हा लागत नाही. म्हणून आता प्रत्येक लग्नास ते दुसरा कॅमेरा भाड्याने घेऊन जातात. धाकटीची फी मात्र वेळेवर भरली गेली.

वाचकांसाठी दोन सूचना. पावसाळ्यात कॅमेरा चामडी पिशवीत कोंडून ठेवू नये. दमट हवेने भिंगांवर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. आणि यंत्र मोडीत काढावयाचेच झाले, तर कचऱ्याच्या पेटीत टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्वापर-केंद्राकडे पोहोचावे, हे उचित. दुरुस्तीविषयीची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी संकेतस्थळ सुरू केले आहे. खरेदीपूर्वी ते अवश्य पाहावे.

नव्याचा मोह वाईट नाही आणि जुन्याची माया तर मुळीच नाही. पण निर्णय मोहाने करू नये, मायेनेही करू नये. दोष ओळखावा, आकडे मांडावे आणि घरातील सर्वांस विचारावे. त्या रात्री मामींचे ते एक वाक्य नसते, तर आमचा हिशेब अपुराच राहिला असता.