मोजमाप आणि मूल्य

दरवर्षी एखादी तरी माजी विद्यार्थिनी विभागाच्या दारात येऊन उभी राहते. एम. ए.ला मन लावून शिकलेली, आता नवऱ्याबरोबर कॅनडाला निघालेली. विद्यापीठाने साक्षांकित केलेल्या गुणपत्रिका तिला सीलबंद पाकिटात हव्या असतात. जाताना ती हळूच विचारते, "सर, आपल्या मराठीच्या एम. ए.ला तिकडे काही किंमत आहे का हो?" या प्रश्नातल्या 'किंमत' या शब्दाशी आमचे भांडण आहे.

कॅनडाने २०१३पासून कुशल कामगारांच्या संघीय स्थलांतर योजनेत परदेशी पदवीची समतुल्यता तपासून घेणे बंधनकारक केले. नेमून दिलेल्या संस्था पदवी खरी आहे काय आणि ती तिकडच्या कोणत्या पातळीची ठरते, एवढेच सांगतात. अहवाल पाच वर्षे चालतो. मग गुण मिळतात ते पातळीचे. मूळ कोष्टकात विषयाला स्थान नाही. पदव्युत्तर पातळी मान्य झाली, तर मराठीची एम. ए. आणि अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी तिथे सारख्याच. आपल्याकडच्या लग्नाच्या बाजारात किंवा नोकरीच्या जाहिरातीत एवढी समता आम्हांला कधी आढळलेली नाही!

परंतु तेच कोष्टक पुढे वाचावे. जोडीदारासह जाणाऱ्या मुख्य अर्जदाराला पदव्युत्तर पदवीचे १२६ गुण मिळतात. जोडीदार म्हणून नाव असेल, तर त्याच पदवीचे फक्त १०. मुलगी तीच, तिचे वाचनही तेच. बदलला तो अर्जातला रकाना. असे असता या आकड्याला पदवीचे मूल्य कसे म्हणावे? ते प्रवेशासाठी केलेले मोजमाप आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला मोजमाप आणि मूल्यमापन यांतला भेद वेगळा सांगावा लागू नये. कादंबरीची पृष्ठसंख्या सांगणाऱ्याला आपण समीक्षक म्हणत नाही.

आमचे काही सहकारी मात्र या तपासणीला सरसकट वसाहतवादी अपमान ठरवतात. हे आम्हांला मान्य नाही. ब्रिटनची एक वर्षाची पदव्युत्तर पदवी आपण तरी कुठे सहज मानत होतो? त्यासाठी २०२२चा भारत-ब्रिटन करार व्हावा लागला. तोवर वर्षे मोजण्याचा हाच हिशेब आपणही करत होतो. आपली तीन वर्षांची पदवी परक्याने उणी धरली की मात्र आपला स्वाभिमान दुखावतो.

आमचा आक्षेप निराळा आहे. १९९७च्या लिस्बन करारात एक न्याय्य तत्त्व आहे: दोन पदव्यांत मूलभूत फरक असेल, तर तो दाखवून देण्याची जबाबदारी तपासणाऱ्याची, अर्जदाराची नव्हे. कॅनडाने हा करार २०१८मध्ये स्वीकारला. भारत त्यात नाही. तरीही परक्या पदवीकडे पाहण्याची रीत हीच असावी, असे आम्हांला वाटते. आणि ती आपल्याकडे येणाऱ्या पदव्यांनाही लागू व्हावी.

उरला प्रश्न आपल्या घराचा. त्या सीलबंद पाकिटात आपण काय घालतो? 'पेपर क्रमांक ५, गुण ५८.' त्या पाचव्या पेपरात तिने ज्ञानेश्वरी वाचली की भाषाविज्ञान, हे ना तपासणाऱ्याला कळते, ना दहा वर्षांनी तिला सिद्ध करता येते. त्या साध्या कागदासाठी तिला परीक्षा विभागाच्या खिडकीशी खेटे घालावे लागतात, ते वेगळेच. अभ्यासपत्रिकेचे पूर्ण नाव, तासिका आणि चार ओळींचा आशय गुणपत्रिकेसोबत देणे कोणत्याही विद्यापीठाला अशक्य नाही. अभ्यास मंडळांवर आपणच बसतो. ही मागणीही आपणच करायला हवी.

तोपर्यंत त्या मुलीला आमचे उत्तर एवढेच: बाई, अहवाल जपून ठेव, व्हिसाला लागेल. पण तू काय शिकलीस, हे त्या अहवालाला विचारू नकोस. तो प्रश्न त्याला कुणी घातलेलाच नव्हता.