माळ्यावरचा कॅमेरा

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. जुन्या साड्या, पितळेची भांडी आणि लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली कधी कधी चामड्याच्या पेटीतला एक जड कॅमेरा सापडतो. मुले धावत येतात. ‘‘बाबा, हा चालतो का हो?’’ असे विचारत कोणीतरी खटकन मागचे झाकण उघडते आणि आत भरलेला रोल उजेडात येतो. त्या रोलवर कोणाची मुंज होती की आजीचे अंगणातले हसू होते, हे मग कधीच कळत नाही.

म्हणून सापडलेल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत पहिला नियम एकच : झाकण उघडण्याची घाई करू नका.

उघडण्यापूर्वी

कॅमेऱ्याच्या वर डाव्या बाजूला रोल मागे गुंडाळण्याचा, म्हणजे रिवाइंडचा नॉब असतो. त्यावर बहुधा एक छोटी घडीची मूठ असते. ती उलगडून बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवा. ती मोकळी फिरत राहिली, तर कॅमेरा बहुतेक रिकामा आहे. थोडे फिरून अडली, तर आत रोल आहे असे समजा.

रोल असेल तर कॅमेऱ्याच्या तळाचे छोटे बटण दाबा आणि मूठ सावकाश फिरवा. जुनी फिल्म कडक झालेली असते, झटक्याने तुटू शकते. फिरवता फिरवता एकदम ताण सुटला आणि मूठ मोकळी झाली, की रोल डबीत परत गेला. त्यानंतरच झाकण उघडावे. मूठ मध्येच घट्ट अडली, तर जोर न लावता कॅमेरा तसाच स्टुडिओत न्यावा. तिथे पूर्ण अंधाऱ्या खोलीत तो उघडता येतो.

इतक्या वर्षांनी त्यावर काय उरणार, असे वाटणे साहजिक आहे. पण १८९७ साली आंद्रे नावाचा स्वीडिश शोधक दोन साथीदारांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि तिघेही परतले नाहीत. १९३० साली आर्क्टिकमधल्या एका बर्फाळ बेटावर त्यांचे अवशेष मिळाले, सोबत फिल्मही मिळाली. तेहतीस वर्षे बर्फात पडलेल्या त्या फिल्ममधून ९३ छायाचित्रे हाती आली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फिल्म इतकी टिकेलच असे नाही. तरी कृष्णधवल रोलची आशा सहसा सोडू नये. रंगीत रोलचे रंग उतरलेले असतात, पण चेहरे ओळखू येण्याइतके चित्र मिळू शकते.

रोल धुवायला देताना तो किती जुना आहे ते सांगा आणि डबीवरची अक्षरे दाखवा. ‘सी-४१’ असे लिहिले असेल, तर तो रंगीत फिल्म धुणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेत देता येतो. ‘कोडाक्रोम’ असेल, तर तिची खास रंगीत प्रक्रिया करणारी जगातली शेवटची प्रयोगशाळाही २०१० च्या अखेरीस थांबली. तो रोल आता फक्त कृष्णधवल म्हणून धुता येतो.

हा कॅमेरा वेगळा कसा?

घरोघरी सापडणाऱ्या या जुन्या कॅमेऱ्यांपैकी बरेचसे ‘रेंजफाइंडर’ जातीचे असतात. १९२५ साली जर्मनीत ‘लायका’ बाजारात आला आणि ३५ मिलिमीटरची सिनेमाची फिल्म खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात आली. १९३२ च्या लायकात अंतर मोजणारे रेंजफाइंडर लेन्सला जोडून मिळाले. ३० जानेवारी १९४८ रोजी फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ दिल्लीत गांधीजींना भेटले, आणि त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. त्या शोकाची आणि अंत्ययात्रेची छायाचित्रे त्यांनी लायकावरच टिपली.

लायका सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता. मध्यमवर्गीय घरात सापडतो तो बहुधा जपानी कॅमेरा : ‘कॅनोनेट’, ‘मिनोल्टा हाय-मॅटिक’ किंवा १९६६ साली निघालेला ‘याशिका इलेक्ट्रो ३५’. एखाद्या घरात सोव्हिएत बनावटीचा ‘फेद’ किंवा ‘झोर्की’ही निघतो.

या कॅमेऱ्यात डोळा लेन्समधून पाहत नाही, शेजारच्या वेगळ्या खिडकीतून पाहतो. खिडकीच्या मध्यभागी एक फिकट चौकोन असतो. त्यात समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची कडी फिरवून त्या एकमेकींवर आणल्या, की अंतर जुळले.

सोय मोठी आहे, पण धोकाही यातच आहे. लेन्सवर टोपण तसेच राहिले, तरी खिडकीतून सगळे छान दिसते. बोट किंवा पट्टा लेन्ससमोर आला, तरी दिसत नाही. अंतर चुकले, तरी खिडकीतले दृश्य स्पष्टच असते. चूक कळते ती रोल धुऊन आल्यावर, आणि तोवर समारंभ होऊन गेलेला असतो. म्हणून हा कॅमेरा वापरणाऱ्याने काही गोष्टी स्वतः तपासून घेण्याची सवय लावलेली बरी.

रोल भरण्यापूर्वीची तपासणी

कॅमेरा रिकामा असल्याची खात्री झाली, की झाकण उघडा. कडेच्या खाचांत काळा स्पंज असतो. बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून तो लावलेला असतो. वर्षांनंतर त्याचा डांबरासारखा चिकट लगदा होतो. तो लाकडी दातकोरणीने खरवडून काढावा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने खाच पुसावी. लगदा शटरवर पडू देऊ नये. नवा पातळ स्पंज मिळाला नाही, तर खाचेत काळ्या लोकरीचा धागा चिकटवला तरी काम भागते. ही जागा तशीच सोडली, तर फोटोंवर नारिंगी किंवा पांढरे पट्टे येतात.

मग बॅटरी. जुन्या बॅटरीवर पांढरा किंवा हिरवा थर चढलेला असेल, तर ती उघड्या हाताने काढू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका. त्या काळच्या कित्येक बॅटऱ्यांत पारा असे. आता तशा बॅटऱ्या बनत नाहीत, म्हणून पर्याय शोधावा लागतो. इलेक्ट्रो ३५ ला मूळ ५.६ व्होल्टची बॅटरी लागे. तिच्या जागी ६ व्होल्टची ‘४एलआर४४’ चालते. ती आकाराने लहान असल्यामुळे सोबत जोड किंवा स्प्रिंग बसवावी लागते. कॅनोनेटला १.३५ व्होल्टची बॅटरी लागे. तिथे साधी १.५ व्होल्टची घातली, तर प्रकाशमापक चुकीचा आकडा दाखवू शकतो. कर्णयंत्राची १.४ व्होल्टची बॅटरी त्याला जास्त जवळची आहे, मात्र ती थोड्याच महिन्यांत संपते.

इलेक्ट्रो ३५ बॅटरीशिवायही ‘टिक’ असा आवाज करतो. त्या वेळी शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकेच उघडते. उन्हात एखादा फोटो येईलही, पण घरातला सारा रोल काळोखात जाईल. म्हणून रोल भरण्यापूर्वी पाठीमागचे बॅटरी तपासण्याचे बटण दाबून हिरवा उजेड दिसतो का ते पाहावे.

तिसरी तपासणी चंद्राची. लेन्सची कडी अनंताच्या खुणेवर, म्हणजे आडव्या आठासारख्या चिन्हावर आणा आणि खिडकीतून चंद्राकडे पाहा. चंद्र एकच दिसला, तर रेंजफाइंडर ठीक. दोन दिसले, तर तो सरकला आहे आणि जाणकाराकडून जुळवून घ्यायला हवा. तो आतून स्वतः पुसायला जाऊ नये. आतल्या आरशावरचा पातळ मुलामा कापसानेही निघून येतो आणि मग दुसरी प्रतिमा दिसेनाशी होते.

रोल भरताना

बरेच रोल वाया जातात ते याच पायरीवर. फिल्मचे टोक रिळात नीट अडकलेले नसते. तरीही लिव्हर फिरतो, शटर वाजते, आकडाही पुढे सरकतो. छत्तीस फोटो काढले असे वाटते आणि फिल्म जागची हललेलीच नसते.

हे टाळण्यासाठी पुढील क्रम पाळावा :

१. रोल सावलीत भरावा. उन्हात असाल, तर उन्हाकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत भरावा.

२. रिवाइंडचा नॉब वर ओढून डबी डावीकडच्या कप्प्यात बसवावी आणि नॉब पुन्हा खाली दाबावा.

३. फिल्मचे टोक उजवीकडच्या रिकाम्या रिळाच्या फटीत सरकवावे.

४. झाकण उघडेच ठेवून लिव्हर हळू फिरवावा. दातेरी चाकाचे दात फिल्मच्या दोन्ही कडांच्या भोकांत बसलेले दिसले पाहिजेत. एकाच कडेचे बसले असतील, तर आणखी थोडे पुढे न्यावे. यात फिल्म थोडी वाया जाते, पण पूर्ण रोल जाण्यापेक्षा ते बरे.

५. झाकण लावून रिवाइंडची मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवावी आणि ताण लागताच थांबावे. फिल्मचा ढिलेपणा गेला.

६. आता आकडा १ येईपर्यंत लिव्हर फिरवून शटर दाबावे आणि या वेळी नजर रिवाइंडच्या नॉबवर ठेवावी. लिव्हरबरोबर नॉब उलटा फिरला, तर फिल्म सरकते आहे. फिरला नाही, तर झाकण उघडून पुन्हा भरावे. अजून काहीच गमावलेले नाही.

७. फिल्मच्या खोक्यावरचा ‘आयएसओ’ आकडा कॅमेऱ्याच्या ‘एएसए’ खुणेवर लावावा. दोन्ही आकडे सारखेच असतात. ‘डिन’चा आकडा मात्र वेगळा, १०० एएसए म्हणजे २१ डिन.

लग्न किंवा बारसे असेल, तर दर चार-पाच फोटोंनंतर नॉब फिरतो आहे ना, हे पाहावे. छत्तीसच्या रोलवर आकडा चाळिशीच्या पुढे गेला, तर शंका घ्यावी. आणि लेन्सचे टोपण समारंभात खिशातच राहू द्यावे.

जुन्या लायका, फेद आणि झोर्कीच्या काही मॉडेलांत रोल तळाकडून भरावा लागतो. तिथे फिल्मचे टोक आधी कात्रीने सुमारे १० सेंटिमीटर लांब आणि अरुंद कापून घ्यावे लागते. नाही तर ते आत अडकते आणि तुकडे शटरमध्ये जातात. सोव्हिएत कॅमेऱ्यांसाठी आणखी एक पथ्य : आधी शटर चढवावे, मगच वेगाची चकती फिरवावी. उलट केल्यास आतली यंत्रणा बिघडू शकते. शिवाय या कॅमेऱ्यांचे शटर कापडी असते. टोपण न लावता लेन्स सूर्याकडे राहिली, तर भिंगाने कागद जळतो तसे त्या कापडाला भोक पडते.

पावसाळ्यातली निगा

आपल्याकडे या कॅमेऱ्यांचा मोठा शत्रू दमटपणा आहे. मुंबई, कोकण, गोवा, कोलकाता, चेन्नई येथे तर विशेष. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते आणि जास्त दिवस राहिली, तर काचेवर कायमचा व्रण सोडते. चामड्याची पेटी दिसायला सुंदर असली, तरी ती ओल धरून ठेवते. कॅमेरा तिच्यातून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. निळे जेल गुलाबी झाले, की ते गरम करून पुन्हा कोरडे करून घ्यावे, मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात नव्हे. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवू नये, पिठाची धूळ आत जाते. डांबराच्या गोळ्या आणि कापूर असलेल्या कपाटातही ठेवू नये. ठेवण्यापूर्वी बॅटरी आठवणीने काढावी.

महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून लहानमोठ्या सर्व वेगांवर शटर दहा-वीस वेळा दाबावे आणि शेवटी ते न चढवता ठेवावे. जुन्या कॅमेऱ्याचा सेल्फ-टायमर शक्यतो वापरू नये. तो मध्येच अडकला, तर कॅमेराही अडकून बसतो. आणि काहीही झाले, तरी शिवणयंत्राचे तेल आत सोडू नये. ते शटरच्या पात्यांवर पसरते आणि पाती एकमेकींना चिकटतात.

शटर अडले किंवा लेन्समध्ये बुरशी दिसली, तर ते काम जाणकाराचे. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार, दिल्लीत चांदनी चौकातला कूचा चौधरी आणि कोलकात्यात मेट्रो गल्ली हे कॅमेऱ्यांचे जुने बाजार आहेत. तिथे चौकशी केली, तर यांत्रिक कॅमेरे उघडणारा जुना कारागीर भेटण्याची शक्यता असते. असे हात कमी होत चालले आहेत. तेव्हा काम उद्यावर टाकू नये.

पहिला रोल

दुरुस्तीनंतरचा पहिला रोल कोणाच्या लग्नात भरू नका. तो घरीच खर्च करा : अंगणात, गच्चीवर, स्वयंपाकघराच्या खिडकीशी. प्रत्येक फोटोचे अंतर आणि उजेड वहीत लिहून ठेवा. रोल धुऊन आला, की कुठे चुकले ते वहीवरून कळेल आणि कॅमेऱ्यावर विश्वास टाकता येईल.

रोल संपला, की तो लगेच काढा, डबीवर तारीख लिहा आणि आठवडाभरात धुवायला द्या. त्या ट्रंकेतल्या कॅमेऱ्यात रोल राहिला, तो कोणीतरी ‘अजून चार फोटो शिल्लक आहेत, ते काढून मग देऊ’ असे म्हटल्यामुळेच असेल. ते चार फोटो राहिले आणि आधीचे बत्तीसही माळ्यावर गेले.