चूक मोजायची पट्टी कोणाच्या हाती?

फोन सुरू आहे, पडद्यावर सेकंद पळताहेत आणि पलीकडून आवाज नाही. आपण ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो आणि शेवटी कंटाळून स्वतःच फोन ठेवतो. कंपनीच्या हिशेबात हा कॉल तुटलेला नसतो. ग्राहकाने बोलणं संपवून ठेवलेला तो एक व्यवस्थित कॉल असतो. माझी तक्रार या हिशेबाबद्दल आहे. पण ती मांडण्याआधी त्या फोनमधून जातं काय, हे बघितलं पाहिजे, नाहीतर नुसतीच चिडचिड होईल.

साध्या बटणांचा फोन आजही ज्या टू-जी नेटवर्कवर चालतो, त्याच्या मूळ पद्धतीत आपल्या बोलण्याचे 20-20 मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात. एका तुकड्याचे 260 बिट होतात, म्हणजे 260 शून्य आणि एक. वाटेत त्यातले काही उलटे होणार, शून्याचा एक आणि एकाचा शून्य होणार, हे आधीच धरून चाललेलं असतं. म्हणून जादा बिटांची जोड देऊन ते 456 करून पाठवतात. पण ही राखण सगळ्यांना सारखी नाही. सर्वांत महत्त्वाच्या 50 बिटांना दुरुस्तीचं कवच असतं आणि शिवाय तपासणीचे 3 बिटही असतात. तपासणीत ते नापास झाले तर अख्खा तुकडाच टाकून देतात. पुढच्या 132 ना फक्त दुरुस्तीचं कवच मिळतं. उरलेले 78 उघडेच जातात, कारण ते बिघडले तरी कानाला फारसं कळत नाही. (उच्च-नीच इथेही आहेच, पण निदान ते जन्मावर नाही, कानाच्या गरजेवर ठरलं आहे.)

मग हे 456 बिट सलग न पाठवता आठ ठिकाणी विखुरतात. हवेत क्षणभर सिग्नल गेला तर एकच तुकडा साफ बुडण्याऐवजी अनेक तुकड्यांना थोडी थोडी झळ बसते, आणि थोडी झळ दुरुस्त करता येते. मला या सगळ्यातला प्रामाणिकपणा आवडतो. क्लॉड शॅनन यांच्या 1948 च्या आणि रिचर्ड हॅमिंग यांच्या 1950 च्या निबंधापासून या शास्त्राची सुरुवातच ‘चूक होणार’ या कबुलीने झाली आहे. प्रश्न एवढाच, की किती होणार आणि ती कशी भरून काढायची.

किती, हे सांगायचा सर्वांत सोपा आकडा म्हणजे बिगाड-दर. पाठवलेल्या बिटांपैकी किती उलटे झाले, ते. आता एक हिशेब करून बघा. सेकंदाला 64,000 बिट नेणारी एक लाइन आहे आणि दहा लाखांत एक बिट चुकतो. 1,000 सेकंदांत 6 कोटी 40 लाख बिट गेले, चुका झाल्या 64. या चुका सुट्या सुट्या पडल्या तर 64 वेगवेगळे सेकंद डागाळतील. सगळ्या एकाच सेकंदात कोसळल्या तर तो एक सेकंद बरबाद, बाकीचे 999 स्वच्छ. दर दोन्हीकडे तोच. बोलणाऱ्याला पहिला प्रकार चालून जातो, तुरळक कट्‌कट् ऐकू येईल एवढंच. फाइल पाठवणाऱ्याला मात्र दुसरा परवडतो, एक तुकडा परत मागवला की झालं. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय मानकांनी म्हणूनच नुसत्या दरावर न थांबता ‘चुकीचे सेकंद’ आणि ‘गंभीर चुकीचे सेकंद’ वेगळे मोजायला घेतले.

इंजिनिअरांना जे कळलं, ते आपल्याकडे नियमांत यायला बराच वेळ लागला. कॉल तुटण्याचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आत हवं, हा ट्रायचा निकष कित्येक वर्षं पूर्ण सर्कलच्या सरासरीवर तपासला जाई. आणि महाराष्ट्र सर्कल म्हणजे मुंबई वगळून उरलेला सगळा महाराष्ट्र, वर गोवा. पुण्याची बेरीज गडचिरोलीच्या खात्यात! 2017 मध्ये ट्रायने हे बदललं. 90 टक्के सेलमध्ये, 90 टक्के दिवस, 2 टक्क्यांची मर्यादा पाळली गेली पाहिजे असं ठरलं. सुधारणा खरीच, पण उरलेल्या 10 टक्के सेलखाली राहणाऱ्यांनी काय करायचं?

आणि मुळात ‘तुटला’ कधी म्हणायचं? टू-जीमध्ये यासाठी एक उलटी मोजणी असते. साधारण दर अर्ध्या सेकंदाला फोन आणि टॉवर एकमेकांना निरोप देतात. निरोप वाचता आला नाही की आकडा एकाने घटतो, वाचता आला की दोनाने वाढतो. शून्यावर आला की कॉल तोडतात. ही मोजणी 4 पासून सुरू करायची की 64 पासून, हे कंपनी ठरवते. चारवर ठेवली तर दोन सेकंदांत निकाल लागतो. चौसष्टवर ठेवली तर मेलेला कॉल अर्धा मिनिट जिवंत दिसतो, आणि तोवर कोण थांबतो? आपणच लाल बटण दाबतो.

माझी खाला कोकणातल्या एका गावात राहते. तिला वाचता येईल इतकं दिसत नाही, त्यामुळे मेसेजचा उपयोग नाही. जे काही आहे ते त्या बटणांच्या फोनवर. डॉक्टरांनी कुठली गोळी सकाळची आणि कुठली रात्रीची सांगितली, हे ती तीन-तीनदा फोन लावून विचारते. तिचे हे तिन्ही कॉल कागदावर यशस्वी आहेत. कंपनीकडे तक्रार केली, तर ‘आपल्या भागात सेवा निकषांनुसार आहे’ असं उत्तर आलं. ते खोटं नसेलही. निकषच तसे आहेत.

खरी मेख अशी आहे की चुकांचं मोजमाप कुणाला नव्याने करायचंच नाहीये. बोलणं चालू असताना फोन तेच अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे निरोप पाठवतो, त्यात बिगाडाची श्रेणी असते, 0 ते 7. शून्य म्हणजे उत्तम. सात म्हणजे शंभरात बारा-तेरापेक्षा जास्त बिट उलटे येताहेत. प्रत्येक टॉवरला आपल्याखाली कोण किती वेळ सातमध्ये होतं, हे कळवलं जात असतं. कंपन्या ते स्वतःच्या कामासाठी वापरतातही, ग्राहकाला मात्र फक्त टक्केवारी मिळते. माझी मागणी मोठी नाही. खालाच्या गावच्या टॉवरने गेल्या महिन्यात किती मिनिटं सातमध्ये काढली, तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. पाणीपट्टी थकवणाऱ्यांची यादी लावतात ना, तिच्या शेजारी.