खामला एका दिवसाचं श्रमदान पुरत नाही

खाम नदीच्या पात्रातून प्लास्टिकची पिशवी ओढून काढणं दिसतं तितकं सोपं नाही. अर्धी चिखलात रुतलेली, अर्धी वेड्या बाभळीच्या मुळांत अडकलेली. जोर लावला की फाटते आणि हातात फक्त तिचा बंद उरतो. आत बहुतेक वेळा निर्माल्य असतं: कुजलेला झेंडू, नारळाची शेंडी, अगरबत्तीचा पुडा. देवाला वाहिलेलं पायदळी जाऊ नये, म्हणून कुणीतरी श्रद्धेनंच ती पुलावरून सोडलेली असते.

छत्रपती संभाजीनगर पाण्याची कदर करणारं शहर होतं. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवली आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींनी तिच्यापर्यंत आणण्याची हिंमत धरली. हर्सूलकडून येणारी खाम आजही पाणचक्कीच्या भिंतीला लागून, महमूद दरवाजाजवळून वाहते. पुढे छावणी, वाळूज करत गोदावरीला जाऊन मिळते. त्याच गोदावरीवर जायकवाडीचं धरण आहे आणि त्याच धरणातून शहराची तहान भागते. नळाला पाणी किती दिवसांआड येतं, हे इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे. अशा शहराने आपली नदी नाला करून टाकावी, याचं दुःख वाटायलाच हवं.

2021 पासून चित्र पालटू लागलं. महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक ही कंपनी आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी मिळून खाम नदी पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं. गाळ-कचरा उपसला गेला, काठावर झाडं लागली, नागरिक घमेली घेऊन श्रमदानाला उतरले. जागतिक पातळीवरच्या डब्ल्यूआरआय रॉस सेंटर पुरस्काराच्या 2023-24 च्या अंतिम फेरीत हे काम पोहोचलं. शहराला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

पण श्रमदानाकडून नेमकी कशाची अपेक्षा करायची, हे स्पष्ट असायला हवं. सांडपाणी घमेल्याने उपसता येत नाही. ते अडवणं, शुद्ध करणं हे महापालिकेचं काम आहे आणि स्वयंसेवकांच्या आड लपून ते टाळता येणार नाही. स्वयंसेवकाचं मोल वेगळं आहे. महिनोन् महिने एकाच ठिकाणी येणाऱ्या माणसाला तो काठ ओळखीचा होतो. नवा पाइप कुठून फुटला, राडारोडा कुणी रात्रीतून टाकला, गेल्या पावसात लावलेली किती रोपं जगली, हे त्याच्या लक्षात येतं. मग तो विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहतो. पर्यावरण दिनाला टोपी घालून फोटोपुरता आलेल्याला हे जमत नाही.

सातत्याने काय घडतं, ते मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्याने दाखवलं आहे. अफरोज शाह या वकिलाने ऑक्टोबर 2015 मध्ये एका वयोवृद्ध शेजाऱ्यासह तिथला कचरा उचलायला सुरुवात केली. आठवड्यामागून आठवडे माणसं जोडली गेली. 2018 मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे निघालेली लोकांनी पाहिली. पुण्यातही जीवितनदी संस्थेचे कार्यकर्ते मुठेचा एकेक काठ दत्तक घेऊन तिथे नियमित जमतात.

संभाजीनगरला कचऱ्याचा धडा मात्र मोठी किंमत मोजून मिळालेला आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगाव-मांडकीच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या रोखल्या. वर्षानुवर्षं शहराची घाण सोसलेली माणसं होती ती, त्यांचं चुकलं नव्हतं. काही दिवसांतच चौकाचौकांत ढीग साचले, धुराने घसे धरले, कचरा टाकायला विरोध होऊन मिटमिटा गावात तर दंगल पेटली. कचरा वेगळा करायला शहर शिकलं ते त्यानंतर. ओला-सुका घरातच वेगळा झाला, तर पुलावरून फेकायला पिशवीच उरत नाही. नदीसाठीचं पहिलं श्रमदान स्वयंपाकघरातल्या ओट्याशी होतं, नदीकाठी नंतर.

तेव्हा येत्या सणाला निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका, ते निर्माल्य-कलशात द्या किंवा कुंडीतल्या मातीत मिसळा. आणि महिन्यातले दोन तास खामच्या एखाद्या काठासाठी राखून ठेवा. काठ मात्र दर वेळी तोच असू द्या.