मर्यादेचा आरंभ

मर्यादा म्हणजे स्त्रीचा बुरखा, असे पुष्कळांस वाटते. परंतु कुराणाच्या २४ व्या अध्यायात दृष्टी संयत ठेवण्याची आज्ञा प्रथम पुरुषांस (आयत ३०) व मागाहून आम्हां स्त्रियांस (आयत ३१) केलेली आहे. मग मर्यादेचा सारा भार स्त्रियांवरच का?

उपासनेचेही तसेच. नमाजापूर्वी वजू करावा लागतो. पाणी न मिळाल्यास शुद्ध मातीने तयम्मुम करण्याची मुभा आहे. आमच्या अवर्षणग्रस्त बीड जिल्ह्यात वजूचे पाणीही बहुधा स्त्रीच दुरून वाहून आणते. देवाने जिथे सवलत दिली, तिथे माणसाने तिचे कष्ट पाहू नयेत काय?

विद्यार्थी बंधूंनो, दृष्टी निर्मळ ठेवा आणि आईच्या डोक्यावरील घागर आपल्या खांद्यावर घ्या. तीही उपासनाच होय.