मुख्याध्यापक की भांडारपाल?

उच्च प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला 'नेता' म्हणण्याची पद्धत आता सरकारदरबारी रूढ झाली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत शालेय नेतृत्वासाठी २०१२ साली स्वतंत्र केंद्रच स्थापन झाले. प्रशिक्षणाला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु ज्याला नेता म्हणावयाचे त्याच्या हाती काय दिले आहे, हा प्रश्न त्या वर्गांत क्वचितच विचारला जातो.

जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुख्याध्यापकाची सकाळ तांदळाच्या हिशेबाने सुरू होते. सहावी ते आठवीच्या मुलामागे दीडशे ग्रॅम, खालच्या वर्गांसाठी शंभर ग्रॅम. शिजवलेले अन्न हा मुलांचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशाने तो मिळाला आणि तो टिकलाच पाहिजे. मात्र साठ्याची नोंदवही, धान्यादी मालाचा हिशेब, संगणकावर भरावयाची माहिती हे सारे शिक्षकानेच करावे, असे त्या आदेशात कोठेही म्हटलेले नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका एवढ्याच बिगरशैक्षणिक कामांची मुभा ठेवली. ही कारकुनी मात्र 'शाळेचेच काम' ठरल्याने त्या कलमाच्या चिमटीतून अलगद निसटते.

त्यातच, सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच पूर्णवेळ मुख्याध्यापक, असे याच कायद्याचे परिशिष्ट सांगते. म्हणजे लहान गावांत एखाद्या शिक्षकाकडेच 'प्रभार' येतो. तो गणितही शिकवतो, टपालाला उत्तरेही देतो आणि सहकाऱ्याच्या वर्गात जाऊन बसायला त्याला वेळ उरत नाही. शाळा सुधारते ती मात्र तेथेच: सातवीतल्या कोणत्या मुलाला अजून भागाकार येत नाही आणि त्याचे काय करावयाचे, हे शिक्षक एकत्र बसून ठरवतात तेव्हा.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची मुले पाहिली म्हणजे या पदाचे मोल कळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन निघतात. बारा-तेरा वर्षांची मुलगी सोबत गेली, की फडावर धाकट्या भावंडांना सांभाळते. परतते तेव्हा वर्ष सरत आलेले असते आणि पुढे तिचे शाळेत येणे हळूहळू थांबते. तिला गावातच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण कोणते घर निघणार याची यादी पावसाळ्यातच करणे, आजीची समजूत घालणे, बापाला विश्वास देणे, ही कामे तालुक्याच्या कचेरीतून होत नाहीत. ती मुख्याध्यापकच करू शकतो, आणि अनेक गावांत केलीही आहेत. प्रस्ताव मंजूर होऊन पैसा येईपर्यंत टोळ्या निघून गेलेल्या असतात, ही तक्रार तेथे नवी नाही. किराणा दुकानदाराकडे शब्द टाकून मुलांना जेवू घालणाऱ्या मुख्याध्यापकाला नेतृत्वाचे धडे देऊ पाहणाऱ्यांनी आधी त्याची उधारी फेडावी!

दोष केवळ सरकारचा नाही. शिक्षक संघटनांनी वेतन व बदल्यांसाठी मोर्चे काढले, तो त्यांचा अधिकारच होता. पण अशैक्षणिक कामांविरुद्धच्या त्यांच्या आवाजात वर्गातील अध्यापनाची चर्चा अभावानेच ऐकू येते. व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. पुष्कळ मुख्याध्यापक त्या स्त्रियांच्या सह्या घरी माणूस पाठवून आणतात. अधिकार वरून मिळत नाहीत म्हणणाऱ्याने खाली असलेले अधिकार असे गिळू नयेत. मजूर बायकांची सभा संध्याकाळी, त्यांच्या वस्तीवर भरवायला कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.

सरकारकडे मागणे दोनच गोष्टींचे आहे. तीन-चार शाळांत मिळून हिशेबासाठी एक कारकून द्यावा, आणि हंगामी वसतिगृहाचा पैसा टोळ्या निघण्यापूर्वी शाळेच्या खात्यावर जमा व्हावा. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम कधी सुरू व्हावयाचा, हे मंत्रिमंडळाची समिती दर वर्षी आधीच ठरवते. तेव्हा तारीख माहीत नव्हती, ही सबब शिक्षण खात्याला सांगता येणार नाही.