परतीचा सामना



मेक्सिको शहराचं नाव आपल्या चळवळीच्या कागदपत्रांत येतं ते १९७५ सालच्या जागतिक महिला परिषदेमुळे. संयुक्त राष्ट्रसंघाने भरवलेली ती पहिली महिला परिषद. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद झाली आणि आपल्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणी अजूनही आपली सुरुवात त्या वर्षापासून मोजतात. या परिषदेच्या चार वर्षं आधी, सप्टेंबर १९७१मध्ये, त्याच मेक्सिको शहरातल्या अझ्टेका स्टेडियमवर मेक्सिको आणि डेन्मार्क या देशांच्या महिला संघांचा फुटबॉलचा अंतिम सामना झाला होता. तो पाहायला लाखभर माणसं आली होती. जागतिक फुटबॉल संघटनेची, म्हणजे फिफाची, त्या स्पर्धेला मान्यता नव्हती. गोलपोस्टवर गुलाबी पट्टे रंगवले होते, का तर खेळणाऱ्या बायका आहेत! डेन्मार्कने सामना ३-० असा जिंकला. पण सामन्याआधी मेक्सिकोच्या मुलींनी मोबदल्याची मागणी केली होती. एवढी तिकिटं खपताहेत, तर खेळणारीलाही काही मिळावं, इतकी साधी गोष्ट. त्यावर त्यांच्यावर टीकेची झोड उठली आणि अखेर त्या काही न घेता मैदानात उतरल्या.

आपल्या अंकाच्या संपादकीयात फुटबॉल कुठून आला, असं तुम्हाला वाटेल. मलाही खेळातलं फार कळत नाही. पण मेक्सिकोतल्या या अंतिम सामन्यांबद्दल वाचत गेले तसतसं लक्षात आलं, की यात प्रश्न खेळाचा कमी आणि मजुरीचा जास्त आहे.

त्या देशात बायकांची व्यावसायिक लीग सुरू व्हायला २०१७ साल उजाडावं लागलं. म्हणजे त्या लाखभर माणसांनंतर ४६ वर्षं. लीगची रचना पुरुषांच्या लीगसारखीच ठेवली. वर्षातून दोनदा विजेतेपद ठरतं आणि शेवटी उरलेल्या दोन संघांत अंतिम सामना एकच न होता दोन होतात, एक या गावी आणि एक त्या गावी. स्पॅनिशमध्ये पहिल्याला ‘इदा’ म्हणतात, म्हणजे जाणं, आणि दुसऱ्याला ‘वुएल्ता’, म्हणजे परत येणं. दोन्ही सामन्यांतले गोल एकत्र मोजायचे आणि बरोबरी झाली तर पेनल्टीवर निकाल लावायचा. या पद्धतीत एक गोष्ट मला फार आवडली. अंतिम सामना दोन्ही गावांच्या दारात येतो. तिकीट काढून परगावी जाणं जिला परवडत नाही, ती बाईसुद्धा पोरंबाळं घेऊन बसने स्टेडियमपर्यंत जाऊ शकते.

पहिलाच अंतिम सामना झाला नोव्हेंबर २०१७मध्ये, पाचुका आणि ग्वादालाहारा या शहरांच्या संघांत. पाचुका हे चांदीच्या खाणींचं जुनं शहर. तिथे पाचुकाच्या मुलींनी २-० अशी आघाडी घेतली. परतीच्या सामन्यात ग्वादालाहाराने घरच्या मैदानावर तीन गोल केले आणि एकूण ३-२ने विजेतेपद घेतलं. ३२,०००हून अधिक प्रेक्षक होते. पुढच्याच हंगामात, ४ मे २०१८ला, मोंतेरे शहरात त्याच महानगरातले दोन संघ समोरासमोर आले, तिग्रेस आणि मोंतेरे. पहिला सामना २-२, परतीचाही २-२, शेवटी पेनल्टीवर ४-२ने तिग्रेस विजयी. त्या रात्री स्टेडियममध्ये ५१,२११ प्रेक्षक होते. लीग सुरू होऊन तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं.

आता या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहू.

नोव्हेंबर २०१६मध्ये, म्हणजे लीगमधला पहिला चेंडू मारला जाण्याच्याही आधी, लीगने क्लबांना कळवलं होतं की खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा राहील. २३ वर्षांवरच्या मुलीला महिन्याला जास्तीत जास्त २,००० पेसो. २३च्या आतलीला ५०० पेसो आणि वर व्यक्तिमत्त्व विकासाचा एक कोर्स! १७च्या आतल्या मुलींना पगार काहीच नाही. प्रवास, शिक्षण आणि जेवण यांसाठी मदत. २,००० पेसो म्हणजे त्या वेळच्या हिशोबाने आपले साडेसहा-सात हजार रुपये. मेक्सिकोत २०१७ साली सरकारने ठरवलेलं किमान वेतन दिवसाला ८० पेसो होतं. महिन्याचा हिशोब कुणीही करावा, २,४०० पेसो होतात. म्हणजे व्यावसायिक म्हणवल्या जाणाऱ्या खेळाडूसाठी ठरवलेली कमाल रक्कम देशातल्या किमान वेतनापेक्षाही कमी होती. कमाल ही किमानाच्या खाली! मजुरीच्या प्रश्नावर काम करताना मी बरेच हिशोब पाहिले आहेत, पण असा हिशोब क्वचितच पाहिला.

पुढे २०१८-१९च्या हंगामासाठी ही मर्यादा १५,००० पेसो झाली. वाढ झाली हे खरं, पण मर्यादा राहिलीच. पुरुषांच्या लीगला अशी मर्यादा नव्हती. आणि या क्लबांचे मालक काही गरीब नाहीत. मोंतेरे शहरातल्या त्या दोन संघांचंच पाहा. एकाचा कारभार सिमेंटच्या बहुराष्ट्रीय कंपनीशी जोडलेला, दुसरा कोकाकोला बाटल्यांत भरणाऱ्या कंपनीच्या मालकीचा.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. नवी लीग होती, उत्पन्न येईल की नाही याची खात्री नव्हती, खर्च आवरून धरला नसता तर वर्षभरात सगळं बंद पडलं असतं, मग मुलींना काय मिळालं असतं? खर्चावर मर्यादा इतर ठिकाणीही असते हे मान्य. आपल्याकडे २०२३मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघाला खेळाडूंवर १२ कोटी रुपयेच खर्च करता येत होते, आणि पुरुषांच्या संघांना त्याच वर्षी ९५ कोटी. पण तो नियम जाहीर होता. लिलाव सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. त्या मर्यादेतही सांगलीच्या स्मृती मानधनासाठी संघांना बोली चढवत न्यावी लागली आणि ती ३ कोटी ४० लाखांवर थांबली. मेक्सिकोत बोली चढूच नये अशी व्यवस्था क्लबांनी आपसात केली. एकीने जास्त मागितलं, तर दुसऱ्या क्लबकडे जाते म्हणण्याची सोयच उरली नाही, कारण तिथेही तोच आकडा. ‘बाजारात जेवढी किंमत येते तेवढी देतो’ हे उत्तर आपण हजार वेळा ऐकतो. इथे बाजार भरायच्या आधीच किंमत ठरली होती. मग ५१,२११ माणसं आली काय आणि पाचशे आली काय, त्या आकड्यावर त्याचा काय परिणाम होणार होता?

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. मेक्सिकोच्या तत्कालीन स्पर्धा आयोगाने सप्टेंबर २०२१मध्ये हाच निष्कर्ष काढला. १७ क्लब, फुटबॉल महासंघ आणि आठ व्यक्ती यांना मिळून १७ कोटी ७६ लाख पेसोंचा दंड झाला. त्यात दोन दोष होते. एक, महिला खेळाडूंच्या पगारावर आपसात ठरवलेली मर्यादा. दुसरा, करार संपल्यावरही खेळाडूला जुन्या क्लबच्या परवानगीशिवाय दुसरीकडे जाऊ न देण्याचा क्लबांचा अलिखित करार. या दुसऱ्या प्रकाराला तिथे ‘सभ्य गृहस्थांचा करार’ म्हणत. नाव वाचून हसू आलं. आपल्याकडेही असे सभ्य गृहस्थ कमी नाहीत. दंडाची रक्कम सरकारजमा होते. ५०० पेसोंवर हंगाम काढलेल्या मुलीच्या हातात त्यातलं आपोआप काही पडत नाही.

मला विशेष वाटलं ते हे, की हा निर्णय आला तो व्यापारातली लबाडी पाहणाऱ्या आयोगाकडून. साखरेचे किंवा सिमेंटचे भाव कंपन्यांनी संगनमताने ठरवले तर जो गुन्हा होतो, तोच गुन्हा इथे मुलींच्या श्रमाच्या बाबतीत झाला, असं त्याने म्हटलं आणि त्यामुळे स्त्री-पुरुषांच्या वेतनातली दरी वाढली, असंही नोंदवलं. समान वेतनाचा मुद्दा आपण सहसा न्यायाच्या भाषेत मांडतो आणि समोरचा माणूस हिशोबाच्या भाषेत उत्तर देतो. इथे हिशोबाच्याच भाषेत चोरी सिद्ध झाली. आपल्या वकील मैत्रिणींनी याचा विचार करावा असं मला वाटतं. एकाच कॉलनीतल्या किंवा एकाच औद्योगिक वसाहतीतल्या मालकांनी ‘यापेक्षा जास्त कुणी द्यायचं नाही’ असं ठरवून टाकल्याचे अनुभव आपल्या बैठकांत वारंवार येतात.

आणि ‘मदत’ या शब्दाबद्दल. सतराच्या आतल्या मुलींना प्रवास, शिक्षण, जेवण यांसाठी मदत, पगार नाही. धुणंभांडी करणाऱ्या बायकांच्या पगारवाढीची गोष्ट काढली की मालकिणीकडून हीच यादी येते. आम्ही तिला दिवाळीला साडी देतो, रोज चहा देतो, पोराच्या फीला हातभार लावतो. देत असतील, नाही असं नाही. पण मदत ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि पगार मागता येतो. याच कारणाने सरकारसुद्धा शब्द जपून वापरतं. अंगणवाडीची योजनाही १९७५चीच, त्याच महिला वर्षातली. तेव्हापासून अंगणवाडी सेविकेला मिळतं ते मानधन. वेतन म्हटलं की किमान वेतन आलं, निवृत्तिवेतन आलं. ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. मान आणि धन दोन्ही त्या एका शब्दात आहेत, आणि सेविकांना विचाराल तर दोन्ही पुरेसे मिळत नाहीत.

मेक्सिकोत पैशाच्या बाबतीत पुढे सुधारणा झाली. परदेशी खेळाडू येऊ लागल्या, नामांकित खेळाडूंचे करार मोठे झाले. जून २०२३मध्ये परतीचा अंतिम सामना त्याच अझ्टेका स्टेडियमवर झाला, जिथे १९७१च्या मुली फुकट खेळल्या होत्या. अमेरिका नावाच्या क्लबने पाचुकाला हरवून विजेतेपद मिळवलं. (अमेरिका हे मेक्सिको शहरातल्या क्लबचं नाव, देशाशी त्याचा संबंध नाही.) ५८,१५६ प्रेक्षक होते, लीगमधला तोवरचा विक्रम.

त्या संध्याकाळी अमेरिकाच्या संघात स्कार्लेट कांबेरोस नव्हती. हंगाम सुरू झाला तेव्हा ती याच संघाची आघाडीची खेळाडू होती. एक माणूस कित्येक महिने तिचा पाठलाग करत होता, समाजमाध्यमांवरून तिला छळत होता. तक्रार झाली. त्याला शिक्षा झाली ती ३६ तासांच्या अटकेची. तो सुटला आणि मार्च २०२३मध्ये स्कार्लेटला देश सोडून लॉस एंजेलिसच्या क्लबमध्ये जावं लागलं. क्लबनेही तिच्या सुरक्षिततेचं कारण दिलं. आपल्या कामात हे नवीन नाही. मुलीने क्लास बदलायचा, बसचा रस्ता बदलायचा, मामाच्या गावी राहायला जायचं, आणि तो तिथेच, त्याच नाक्यावर. तीन महिन्यांनी अझ्टेकावर जेव्हा तिच्या जुन्या मैत्रिणींनी करंडक उचलला, तेव्हा ती दुसऱ्या देशात, दुसऱ्या संघातून खेळत होती.